नगरातील शेळी आणि आपला नैवेद्य

आज वसुबारस. आश्विन वद्य द्वादशीच्या या सायंकाळी सवत्स धेनूचे पूजन होऊन घरोघरी दीपावलीचा पहिला दिवा लागेल. सुवासिनी आज गहू आणि मूग वर्ज्य करतील, गाईचे दूधतूप घेणार नाहीत, आणि बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी यांवर उपवास सोडतील. या व्रताचे मर्म ‘सवत्स’ या एका विशेषणात साठविलेले आहे. पूजा नुसत्या गाईची नव्हे, वासरासह असलेल्या गाईची. दूध हे प्रथम वासराचे, त्याला पुरून उरले तर आपले, ही कबुली वर्षातून एक दिवस तरी उघडपणे द्यावी, असा पूर्वजांचा हेतू दिसतो.

शहरातील किती घरांना आज प्रत्यक्ष गाय दिसेल? पुष्कळ ठिकाणी पाटावर तांदळाची गाय काढतात, कोठे पितळेची किंवा मातीची ठेवतात. भाव शुद्ध असला म्हणजे त्यात काही उणे आहे असे मी मानीत नाही. परंतु ज्या घरात ही पितळेची गाय पुजली जाते, त्याच घराच्या मागील बोळात एक जिवंत, दूध देणारी, बाळंतीण आई दोरीला बांधलेली असते, आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती शेळी. ‘गरिबाची गाय’ हे नाव आपणच तिला दिलेले आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे चौदा कोटी एकोणनव्वद लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतील बहुतेक खेड्यांत असतील, हे खरे. पण पंढरपूर, सोलापूर, पुणे, नाशिक कोठेही जुन्या वस्तीत पायी हिंडावे, दोन घरांच्या फटीत, नाल्याच्या काठी, देवळाच्या मागच्या भिंतीशी ती भेटतेच. आज तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे योजिले आहे, कारण येत्या चार दिवसांत तिच्या जिवाला जो धोका आहे तो आपल्याच स्वयंपाकघरातून निघतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. शहरात शेळी असूच नये, ती घाण करते, तिला नगराबाहेर काढा, असे म्हणणारे सुशिक्षित लोक मला भेटतात. माझे मत तसे नाही. आपल्या धर्मशास्त्राने नगर आणि पशू यांची अशी फारकत कधी केलीच नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात स्वामी आणि गुराखी यांच्या तंट्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे सांगितले आहे की, गाव आणि शेते यांच्यामध्ये शंभर धनुष्ये मोकळी भूमी चराईसाठी सोडावी, खर्वटाला म्हणजे गाव व नगर यांच्या मधल्या वस्तीला दोनशे, आणि नगराला चारशे. एक धनुष्य म्हणजे चार हात. या हिशेबाने नगराभोवती सुमारे पाऊण किलोमीटर रुंदीचा पट्टा केवळ जनावरांसाठी मोकळा असावयास हवा होता! वस्ती जितकी मोठी तितकी चराई अधिक, हा विचार लक्षात घेण्याजोगा आहे. आम्ही नेमके उलट केले. गायराने गेली, पडीक जागांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि मग उरलेल्या शेळीला आपण कचराकुंडी दाखविली.

त्याच प्रकरणात दंडाचीही तरतूद आहे. म्हशीने परक्याचे पीक खाल्ले तर आठ माष, गाईने खाल्ले तर त्याच्या निम्मे, आणि शेळीमेंढीने खाल्ले तर त्याच्याही निम्मे. खाऊन पुन्हा तेथेच बैठक मारली तर दंड दुप्पट. (हे शेवटचे कलम मी कीर्तनात सांगतो तेव्हा श्रोत्यांत हटकून हशा पिकतो, शेळी ज्याने पाळली आहे तो सर्वांत मोठ्याने हसतो.) येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे, की दंड शेळीला नाही, माणसाला आहे. मनुस्मृतीही हेच सांगते: दिवसा गुराख्याची जबाबदारी, रात्री घरी पोचविल्यानंतर धन्याची. जनावर कोणत्याही घटकेला बेवारस नसते. आजच्या कायद्याचेही तत्त्व निराळे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्नपाणी व निवारा न देणे आणि अकारण आखूड दोरीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, हे दोन्ही अपराध आहेत. सकाळी धार काढून शेळी रस्त्यावर सोडून देणारा आणि दिवसभर हातभर दाव्याने तिला खांबाला जखडणारा, हे दोघेही या कायद्याच्या पुढे एकाच रांगेत उभे आहेत.

आता नैवेद्याचा विषय.

चार वर्षांमागील पाडव्याची गोष्ट. आमच्या आळीत एक वृद्ध विधवा दोन शेळ्या बाळगून होती. दुधावर आणि करडांच्या विक्रीवर तिचे व नातवाचे चालत असे. एक शेळी गाभण, दिवस भरत आलेली. सणाचा दिवस, घरोघरी उरलेले अन्न. मायभगिनींना वाटले, मुक्या जिवाला आपल्या आधी घास द्यावा, त्यातून ती दोन जिवांची. कोणी भात नेला, कोणी पुऱ्या, कोणी शिरा, कोणी पुरण. प्रत्येकीने थोडे थोडेच दिले. पण घरे वीस होती. रात्री शेळीने रवंथ करणे सोडले. सकाळी तिची डावी कूस फुगली होती, ती करकरा दात खात होती, आणि दुपारनंतर तिला उठवेना. पशुवैद्य आले तोवर फार उशीर झाला होता. शेळी गेली, पोटातील दोन करडेही गेली. म्हातारीने कोणालाही बोल लावला नाही. ‘कसला रोग होता हो?’ असे तिला विचारावयास गेलेल्या बायकांत पुऱ्या देणाऱ्याही होत्या.

तो रोग नव्हता. शेळीचे पोट आपल्यासारखे नाही. त्याला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्याला पशुवैद्य कोठीपोट म्हणतात. तेथे कोट्यवधी सूक्ष्मजीव पाला आणि वाळका चारा आंबवून त्याचे अन्न करतात. या सूक्ष्मजीवांना पाल्याची सवय असते. त्यांच्यावर एकाएकी शिजलेला भात, गव्हाची कणीक, गूळसाखर आणि डाळ यांचा भडिमार झाला की आंबण्याची क्रिया अतोनात वेगाने होते, कोठीपोटात आम्ल माजते, पाल्यावर जगणारे सूक्ष्मजीव मरतात, आणि ते आम्ल रक्तात उतरते. बारा तासांपासून दीड दिवसात लक्षणे दिसतात, आणि तोवर बहुधा उपाय हाताबाहेर गेलेला असतो. एक घास पोळीने शेळी मरत नाही. पण आपला एक घास हा तिचा विसावा घास आहे की काय, हे देणाऱ्याला कळत नाही. तिला जो आहार द्यावयाचा त्यातील कोणताही पालट आठ-पंधरा दिवसांत क्रमाक्रमाने करावा लागतो. सण मात्र एका दिवसात येतो.

संस्कृतात ‘अजाकृपाणीय’ असा एक शब्द आहे. शेळी मान खाजवावयास खांबाजवळ जावी आणि नेमकी त्याच क्षणी वर टांगलेली तलवार निसटून तिच्या मानेवर पडावी, अशा निव्वळ योगायोगाला वैयाकरण तो शब्द लावतात. म्हातारीची शेळी गेली ते अजाकृपाणीय नव्हते. येथे तलवार आपण वीस जणांनी मिळून टांगली होती.

निर्माल्याचेही असेच आहे. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते शेळीपुढे टाकण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. त्यात बेल, दूर्वा, तुळस, झेंडू असेल तर शेळी आनंदाने खाते आणि तिला बाधत नाही. परंतु शंकराला वाहिलेली कण्हेर आणि धोत्रा ही दोन्ही शेळीला विष आहेत. कण्हेरीची तांबडी, पांढरी, पिवळी, कोणतीही जात असो, तिचे पान, फूल, काडी सारे विषारी असून ते हृदयावर आघात करते. वाळल्याने ते विष जात नाही. म्हणून निर्माल्य निवडल्याखेरीज शेळीपुढे टाकू नये. हारांतील दोरा, जर आणि तार काढावी. प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी प्रसादाच्या वासाची पिशवी देवळाबाहेर आजही सापडते. शेळी ती मिठासाठी, तेलासाठी चघळते, गिळते, आणि ती पिशवी कोठीपोटात आयुष्यभर बसून राहते. अशी शेळी पोट भरलेले दिसत असताना खंगत जाते.

मग सणाला तिला काहीच देऊ नये काय? अवश्य द्यावे. सुबाभूळ, शेवरी, हादगा, बोर, वड, पिंपळ, उंबर, फणस यांचा पाला, हा तिचा खरा नैवेद्य. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तृतीयांशाहून अधिक नको, आणि लसूणघास दवाने भिजलेला असताना भरपूर घालू नये, पोट फुगते. भाजी निवडताना निघालेली कोथिंबिरीची देठे, मटाराची टरफले, कोबीची वरची पाने मूठमूठ चालतात. धन्याला विचारून द्यावे, हे सर्वांत उत्तम. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिच्याजवळ फटाके उडवू नयेत. दोरीला बांधलेले जनावर भयाने पळू शकत नाही. दावे गळ्याला आवळून घेते.

आता ज्यांना स्वतः शेळी पाळावयाची आहे त्यांच्यासाठी. हल्ली शहरातील सुखवस्तू घरांतूनही ही इच्छा कानी येते, कोणाला शुद्ध दूध हवे असते, कोणाला नातवंडांना जनावराची ओळख व्हावी असे वाटते. इच्छा चांगली आहे. प्रथम नगरपालिकेची परवानगी घ्यावी आणि शेजाऱ्याला विचारावे. नंतर हे जाणून घ्यावे की एक शेळी पाळता येत नाही, दोन पाळाव्या लागतात. हा कळपाचा जीव आहे. एकटी शेळी दिवसभर ओरडते. ती भुकेली नसते, एकाकी असते. प्रत्येकीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट कोरडी जागा आणि त्याच्या दुप्पट मोकळे अंगण हवे. चढावयाला एखादा ओटा किंवा जुनी पेटी ठेवावी. उंचावर उभे राहणे हा तिचा स्वभाव आहे. इमारतीचा सज्जा आणि जिन्याखालचा कोनाडा या शेळीच्या जागा नव्हेत.

बोकड शहरात पाळूच नये. माजावर आल्यावर त्याचा दर्प चार घरे ओलांडतो. शेळी माजावर आली म्हणजे कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्याकडे न्यावे किंवा खेड्यातील चांगल्या बोकडाकडे. जातीविषयी म्हणाल तर आपल्या मुलखाला मानवलेली उस्मानाबादी बरी. अंगाने बहुधा काळी, आणि पुष्कळदा जुळी देणारी. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, शेळीचे अद्याप तेच आहे.

मोठ्या शेळीला दिवसाकाठी साधारण तीन-साडेतीन किलो हिरवा पाला, अर्धा-पाऊण किलो कडबा अगर वाळका चारा, दुभती असेल तर पाव किलोपर्यंत खुराक, चाटण्यास खनिज मीठ आणि चार-पाच लिटर स्वच्छ पाणी लागते. चारा जमिनीवर टाकू नये, उंच टांगावा. लेंड्यांत मिसळलेला चारा ती खात नाही, आणि खाल्ला तर जंत होतात. लेंड्या रोज गोळा कराव्या. हे उत्तम खत आहे, तुळशीवृंदावनापासून परसातील पपईपर्यंत कोठेही घालावे, शेजाऱ्यांनाही द्यावे. तक्रार निम्मी तेथेच मिटते. खुरे शहरातील फरशीवर वाढून वाकडी होतात, ती दीड-दोन महिन्यांनी कापावी लागतात. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर लेंड्यांची तपासणी करून जंताचे औषध द्यावे. आंत्रविषाराची लस दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, लाळखुरकुताची सहा महिन्यांनी, आणि पीपीआरची तीन वर्षांतून एकदा. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. पीपीआर ही तिचीच शेळ्यामेंढ्यांतील बहीण. आपल्या देशात ती १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम नोंदली गेली, आणि २०३० पर्यंत तिलाही जगातून घालविण्याचा संकल्प आहे. तो आपल्या बोळातील दोन शेळ्यांखेरीज पुरा होणार नाही. लसी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतात. आजाराच्या वेळी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. मोकाट कुत्रे शेळीला चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याने धुवावी, आपला हात मात्र जपावा, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा आणि तिचे दूध घेऊ नये.

दुधाविषयी आपल्या लोकांची श्रद्धा मोठी आहे, आणि तिला आधारही आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात शेळीचे दूध हलके सांगितले, पण ते का, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. शेळी पाणी थोडे पिते, हिंडते पुष्कळ, आणि कडूतिखट पाला खाते, म्हणून तिचे दूध हलके. वैद्याने गुणासोबत कारण दिले. आपण गुण पाठ केला आणि कारण सोडले. दिवसभर खुंट्याला बांधून भातपोळीवर वाढविलेल्या शेळीच्या दुधाला वाग्भटाचे प्रमाणपत्र लावता येणार नाही.

डेंग्यूची साथ आली की शहरांतून शेळीच्या दुधाला एकदम मागणी येते, वाटेल तो भाव मिळतो, आणि ते कच्चेच प्यावे असे सांगणारे भेटतात. या दुधाने डेंग्यू बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा आजार माणसाला जडतो. महिनोन्महिने ज्वर येतो, सांधे धरतात. दूध उकळूनच घ्यावे. गर्भपात झालेल्या शेळीची वार उघड्या हाताने उचलू नये, आणि घरातील गर्भवतीला गोठ्यापासून दूर ठेवावे. तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी केवळ शेळीचे दूध देऊ नये. त्यात फोलेट फार थोडे असते, आणि बाळाला रक्तक्षय होतो. महात्माजी शेळीचे दूध घेत, हे सर्वांना ठाऊक आहे. गाईम्हशीचे दूध न घेण्याचे त्यांचे व्रत होते. १९१८ च्या मोठ्या दुखण्यानंतर कस्तुरबांनी शेळीची वाट सुचविली. आपण व्रताचे अक्षर राखले, आत्मा राखला नाही, असे त्यांनी स्वतःच्या आत्मकथेत मोकळेपणे लिहून ठेविले आहे.

वसुबारसेच्या व्रताचा आत्मा करडापाशी आहे. शेळी साधारण दीडशे दिवसांनी विते. करडाला जन्मल्यापासून तासाभरात चीक मिळाला पाहिजे. रोगाशी झुंजण्याची शक्ती त्याला त्या पहिल्या दुधातूनच येते, पोटात असताना येत नाही. चिकाचा खरवस आपल्याला प्रिय आहे. तो करडाचे पोट भरल्यावर उरलाच तर करावा. जुळे असेल तर विषयच काढू नये.

आणि शेवटी तो प्रश्न, जो दूध मागणारा सहसा विचारीत नाही. शेळी व्याल्याखेरीज दूध देत नाही, आणि जन्मणाऱ्या करडांत निम्मे नर असतात. त्यांचे काय करणार? ज्यांचे पोटच या विक्रीवर आहे त्यांना मी उपदेश करणार नाही. तो अधिकार पोटभर जेवलेल्या माणसाचा नव्हे. पण ज्या घरात मांस शिजत नाही त्या घराने शेळी आणण्यापूर्वी याचे उत्तर ठरविलेले असावे. देवाच्या नावाने बोकड सोडून देणे हे उत्तर नाही. तो रस्त्यावर प्लास्टिक खातो, वाहनाखाली सापडतो, आणि पुण्य मात्र आपल्या नावे जमा झाले असे आपण समजतो. पशुवैद्याकडून वेळेवर खच्चीकरण करून घ्यावे, आणि मग त्याला घरी ठेवावयाचे असेल तर शेळी दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते, हे घरातील सर्वांना सांगावे. तेवढा चारा, तेवढी जागा आणि तेवढी वर्षे हाताशी नसतील, तर त्या घराने दूध विकत आणावे. बोळातील म्हातारीकडून आणावे, ती मागेल त्या भावाने.